टाकीनंतरचं पहिलं पीठ

मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही, तेव्हा कान सांभाळा. मी उमरग्याच्या बाजारगल्लीतली एक जुनी पिठाची गिरणी आहे. मुजफ्फरमियाँ आणि मल्लिकार्जुन यांनी मला भागीदारीत आणलं. शेजारी मिरची कुटायचं कांडपही होतं, पण नाव माझंच व्हायचं. माझ्या पिठाची भाकरी थापताना कधी चिरली नाही!

मुजफ्फरमियाँ वारले आणि भागीदारी बिनसली. त्यांची बायको नूरुन्निसा मला चालवू लागली. माझे दगड झिजले की छिन्नीनं टाके घालून पुन्हा खरखरीत करायचे, म्हणजे टाकी लावायची, तेही ती शिकली. अखेर तिनं आणि मल्लिकार्जुननं तडजोडनामा केला. गिरणी तिची, कांडप त्याचं. त्यानं त्याच दिवशी कांडप टेम्पोत घालून नेलं, मिळाल्याची सही दिली. वाटलं, तुकडा पडला.

कशाचा तुकडा! भागीदारीच्या जुन्या करारात लिहिलं होतं की वाद झाला तर लवाद, म्हणजे तिऱ्हाईत पंच, निवाडा देईल. वर्षभरानं मल्लिकार्जुन लवादाकडं गेला आणि मलाही मागू लागला. नूरुन्निसानं तडजोडनाम्याची नक्कल टपालानं धाडली अन् घरीच बसली. मिटलेल्या भांडणाला परत कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. इथंच चुकली बाई. लवादानं त्या कागदाचं नावसुद्धा न काढता मला मल्लिकार्जुनच्या हवाली केलं.

त्या दिवशी ती माझ्या पट्ट्यावर हात ठेवून ढसाढसा रडली. मी गेले असते तर तिची चूल कशावर पेटली असती? मग डोळे पुसून तिनं धाराशिवची एसटी धरली. चारुशीला वकीलबाईंनी कागद चाळले. निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायला तीनच महिन्यांची मुदत असते, म्हणाल्या, आणि लगेच अर्ज लिहायला घेतला.

निकाल लागेपर्यंत गिरणी बंद ठेवा, असा हुकूम झाला. आठ महिने मी मुकाट उभी! माझ्या तोंडात कोळ्यानं जाळं विणलं. बायका दळण घेऊन दुसरीकडं जायच्या, ते बघून माझा जीव तुटायचा.

शेवटी जज्जसाहेबांनी मल्लिकार्जुनला एकच विचारलं, "तडजोड मानत नाही म्हणता, मग कांडप कोणत्या हक्कानं नेलं?"

वाद आधीच मिटला होता आणि समोर आलेला तडजोडनामा लवादानं पाहिलाच नाही, म्हणून निवाडा रद्द झाला. मी नूरुन्निसाचीच राहिले!

दुसऱ्या दिवशी तिनं मला टाकी लावली. डब्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत. आणि पहिली कोण? मल्लिकार्जुनची आई, इरम्मा! कांडपात भाकरीचं पीठ होतंय व्हय? म्हातारी खाली मान घालून उभी होती.

आता टाकीनंतरच्या पहिल्या पिठात दगडाची खर उतरते, दाताखाली कचकचते. खरं सांगते, माझ्या मनात आलं, घाल तिचीच ज्वारी, खाऊ दे लेकाला.

नूरुन्निसानं डबा बाजूला ठेवला. "अव्वा, जरा थांबा. आधी माझी ज्वारी घालते."

तिच्या घरच्या चार शेर ज्वारीवर माझी सारी खर गेली. ते पीठ म्हशीला. मग मी इरम्माचं दळण असं बारीक दळलं की म्हातारीनं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, बोलावणं आलं तर स्वतः हजर राहा, आणि मिटलेलं भांडण उकरू नका. माझ्यासारख्या जुन्या यंत्राला वेळच्या वेळी टाकी लावा, तेल द्या. आता सरका बरं, रांग लई मोठी आहे.