अहो

नाताळच्या दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सिस्टर लोकांचे पाय धूत बसली होती. सिस्टर म्हणजे मठातली नव्हे, हॉस्पिटलातली. सगळी नोकरी ड्रेसिंगच्या वॉर्डात काढून नुकतीच निवृत्त झालेली. आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत असं ठसक्यात सांगणारी ही बाई आता येईल त्याचे पाय धरत होती. समोर खुर्ची, खाली प्लास्टिकचा टब, शेजारी कात्री, कापूस आणि बँडेज. ज्यांना घर नाही असे लोक आधी गरम जेवत आणि मग खुर्चीत येऊन बसत. बूट काढताना लाजत, वासाबद्दल माफी मागत.

"अहो, पाय सोडा पाण्यात," सिस्टर म्हणायची. "अहो, घाबरू नका, नखंच कापतेय."

हॉलचे नियम फादरांनी घालून दिले होते. नाव विचारायचं नाही, ही वेळ का आली ते विचारायचं नाही, आणि समोरचा वयाने लहान असला तरी अरे-तुरे करायचं नाही. येशूने पाय धुताना कुणाची चौकशी केली होती का, असं ते दरवर्षी सांगत. येशू त्या बाराही जणांना पुरता ओळखून होता, एवढं मात्र फादर सोयीस्करपणे विसरत. पण नियम चांगला होता. चौकशी सुरू झाली की माणसं पसार होत.

'अहो' ही मात्र सिस्टरची स्वतःची भर. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी त्यावरून तिची थट्टा करत. किती जणांशी संसार मांडलाय, जो येईल त्याला अहो, असं मोठ्याने विचारत. सिस्टर हसल्यासारखं करायची. घरात तो शब्द ऐकायला कुणी उरलं नव्हतं, आणि जिभेची इतक्या वर्षांची सवय कुठे तरी खर्ची पडायला हवी होती.

नवरा छापखान्यात फोरमन होता. छापखाना बंद पडला, बाटली सुरू झाली, आणि गेल्या नाताळच्या आधी एका सकाळी तो दारातून "जातो" म्हणाला. ती ड्युटीचा डबा भरत होती. जातो नाही, येतो म्हणावं, असं ती पाठमोरीच पुटपुटली. वळून बघितलं तेव्हा दार लागलेलं होतं. मग पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, त्याचे जुने सोबती झाले. आधी रडू यायचं, पुढे तेही आटलं. आता तिला काहीच वाटत नसे, आणि काही वाटत नाही याचंही तिला काही वाटत नसे. उठायचं, आवरायचं, कुणी बोलावलं की जायचं. मघाशी हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून नाताळची गाणी म्हटली तेव्हा तिनेही ओठ हलवले होते.

महिन्यापूर्वी तो तिला बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला होता. "अहो!" म्हणून ती भर रस्त्यात ओरडली. त्याने मान वर केली, तिला ओळखलं आणि लंगडत लंगडत, गाड्यांच्या मधून, जीव मुठीत धरून पळाला. आपला माणूस आपल्याला बघून पळतो, हे तिने कसंबसं गिळलं. त्याचं लंगडणं मात्र डोक्यातून जाईना. त्याला साखर होती, आणि अशा माणसाचं लंगडणं कुठवर जातं ते तिने वॉर्डात रोज पाहिलं होतं.

आता तिच्यासमोर दोन पाय आले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. तिने मान वर केली नाही. ती करंगळी तिने संसारभर चादरीखालून बाहेर आलेली पाहिली होती.

तिला पाहूनही तो उठला नव्हता. कदाचित बूट आधीच काढले होते म्हणून असेल. अनवाणी माणसाला पळणं सोपं नसतं.

उजव्या अंगठ्याखाली जखम होती. खोल, कडा राखाडी पडलेल्या. सिस्टरने मनातल्या मनात हिशेब केला. रोज ड्रेसिंग हवं, उद्याच डॉक्टरांना दाखवायला हवं. नाही तर आधी अंगठा जाईल, मग पाय. म्हणजे त्याने उद्या परत यायला हवं. बाकीचं सगळं नंतर. आणि आपण एक शब्द चुकीचा बोललो तर तो उद्या येणार नाही.

'अहो, पाय सोडा' हे दुपारभर ती सहज म्हणत होती. आता मात्र ते म्हटलं नाही. तिने टबाच्या काठावर बोटाने टकटक केलं. त्याने पाय पाण्यात ठेवले.

"पाणी गरम आहे का, सिस्टर?" तो म्हणाला. "तुम्हीच बघा. मला कळत नाही, पाय बधिर झालेत."

इथे सगळेच तिला सिस्टर म्हणत. पण ज्याने जन्मभर अगं आणि ऐकलंस का यापलीकडे हाक मारली नाही, त्याच्या तोंडून सिस्टर आणि तुम्ही ऐकून कुणाही बाईला भोवळ आली असती. तिला आली नाही. तिने कोपर पाण्यात बुडवलं आणि कोमट आहे म्हणून सांगितलं.

पाय पुसून तिने जखम साफ करायला घेतली. बराच वेळ लागला. त्याने एकदाही पाय मागे घेतला नाही.

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"दुखायला हवं होतं."

बधिर असणं काय असतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग वॉर्डातल्या आवाजात तिने सांगितलं की हॉल आठवडाभर उघडा आहे, रोज ड्रेसिंग करून घ्यायचं, उद्या डॉक्टर येतील त्यांना पाय दाखवायचा, आणि आला नाहीत तर अंगठा जाईल.

"इथे कुणी काही विचारत नाही ना?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. नियमच आहे तसा."

"तुम्हीसुद्धा?"

बँडेजचा एक वेढा तिने ओढून नीट बसवला. वर्षभर साठवलेले प्रश्न होते तिच्याकडे. का गेलात, कुठे होतात, माझं काय चुकलं, बाजारातून का पळालात.

"मीसुद्धा," ती म्हणाली.

त्याने बूट चढवले आणि लंगडत दाराकडे निघाला. प्रत्येकाला द्यायचे नवे मोजे तिच्या हातातच राहिले होते.

"अहो," ती म्हणाली.

मोठ्याने नव्हे, घरात म्हणायची तसं. हॉल माणसांनी भरलेला होता, त्यातल्या अर्ध्याअधिकांना तिने आज अहो म्हटलेलं. कुणी मान वर केली नाही. दारापाशी तो एकटा थांबला. ती टबापाशी होती तिथेच बसून राहिली. तो मागे आला, मोजे घेतले आणि तिच्या हातांकडे बघत म्हणाला, "येतो."

निघताना म्हणतात ते येतो, की उद्याचं येतो, तिला कळलं नाही. विचारायचं नव्हतं.

तिने टब रिकामा केला, नवं पाणी ओतलं आणि कोपर बुडवलं. चांगलंच पोळलं. तिने गार पाणी घातलं. एक म्हातारा खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होता. सिस्टरने सवयीने तोंड उघडलं, पण तो शब्द आता दुसऱ्या कुणाला देववेना.

"दादा, पाय सोडा पाण्यात," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून मावशींनी वळून बघितलं.