मंडळाची पहिली बैठक

अकरा वर्षं भांडून कॅनडातल्या इंग्रजीबहुल ऑन्टारियो प्रांतातल्या एका फ्रेंच बोलणाऱ्या गावाने फ्रेंच शाळांसाठी स्वतःचं मंडळ मिळवलं होतं. पहिल्याच बैठकीत हीटर बंद पडला. मेकॅनिक इंग्रजी बोलणारा. त्याला परकं वाटू नये म्हणून सगळे सभासद सवयीने इंग्रजीवर आले. तो काम आटोपून गेला, तरी चर्चा इंग्रजीतच.

सभासद गिझलेनचा जीव खालीवर होत होता. तिने कोट काढला, पुन्हा घातला.

“अगं, बस की जरा स्वस्थ,” शेजारचा ओव्हिला म्हणाला. तोही इंग्रजीत!

तिचं डोकंच फिरलं. टेबलावर मूठ आपटून ती ओरडली, “लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मंडळ कशासाठी मिळवलं आपण?”



ओव्हिला आता फ्रेंचमध्ये म्हणाला, “बाई गं, हे तरी फ्रेंचमध्ये विचारायचंस!”