चार जोड्यांची खंजिरी

मित्रांनो, मी एक जुनी खंजिरी आहे. जरा जपून उचला, कातडं पातळ झालंय. पण त्या एका रविवारची आठवण निघाली, की माझ्या चकत्या अजूनही आपोआप किणकिणू लागतात!

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका सुताराने हिकरीचं लाकूड वाकवून मला घडवलं. बकरीचं कातडं ताणलं आणि पितळी चकत्यांच्या पाच जोड्या बसवल्या. त्यातली एक जोडी बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीत वाहून गेली. तेव्हापासून माझा ताल किंचित लंगडतो. आमच्या लाकडी चर्चमध्ये मला मदर ओझेला वाजवायच्या; तिथल्या सर्वांत वडीलधाऱ्या म्हणून सगळे त्यांना 'मदर' म्हणत. त्यांनी मला उचललं, की गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसंही बाकावरून उठत. त्यांच्याच मांडीला टेकून छोटी वर्डेल गायला शिकली.

आमच्याकडे एक रीत होती. देवाची गाणी गाणाऱ्याने बाहेर जाऊन प्रेमाची गाणी गायली, तर त्याची जागा शेवटच्या बाकावर. चर्चमध्ये पुन्हा गायचं नाही. वर्डेलला हे पुरतं ठाऊक होतं. तरी एकविसाव्या वर्षी ती मेम्फिस शहरात प्रेमाचं गाणं रेकॉर्ड करायला निघाली, आणि धीर यावा म्हणून मदरना न विचारताच मला पिशवीत घालून घेऊन गेली.

तिथला ड्रमवाला मला पाहून हसला. "बाई, ही लंगडी कुठून आणलीत?"

"लंगडी आहे," वर्डेल म्हणाली, "पण प्रार्थनेला कधी उशिरा पोचली नाही."

मग मला वाजवत ती गायली. हुंकार चर्चमधला, शब्द मात्र प्रियकराचे! असं गाणं त्या खोलीत कुणी ऐकलंच नव्हतं. ड्रमवाला काठ्या हातात धरून तसाच बसून राहिला.

गाणं रेडिओवर लागलं, तेव्हा मदर ओझेला गावातल्या बायकांच्या केशकर्तनालयात केस सरळ करून घ्यायला बसल्या होत्या. तापलेला कंगवा अर्ध्याच डोक्यावरून फिरला होता. बायका कुजबुजल्या, ही वर्डेलच ना? मदर म्हणाल्या, "आवाज कुणाचाही असो, खंजिरी माझी आहे." आणि अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे, अशाच त्या उठून घरी गेल्या. गावभर झालेली ही हकीकत वर्डेलच्या कानी आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

पुढच्या रविवारी ती मला परत करायला आली आणि शेवटच्या बाकावर बसली. मदरनी पाठ फिरवली असती, तर सगळ्या चर्चने फिरवली असती. मदर उठल्या, चालत तिच्यापर्यंत गेल्या आणि आपले तळहात तिच्यापुढे धरले.

"चार रविवार नुसत्या टाळ्यांवर काढलेत, पोरी. लालभडक झालेत बघ. आता पुढे ये, तुझ्याशिवाय सूर लागत नाही."

मदरनी मला तळहातावर असं आपटलं, की खिडक्या थरथरल्या! वर्डेल गायली. रेडिओवर ती 'सख्या' म्हणाली होती, इथे 'देवा' म्हणाली. हुंकार तोच होता. सगळं चर्च उभं राहिलं, आणि शेवटचा बाक त्या दिवसापासून रिकामा राहिला.

आज वर्डेल नाही, मदरही नाहीत. तिच्यासारखं गाणाऱ्या मुली मात्र गावोगाव आहेत. मला कुणी काचेच्या पेटीत ठेवलंय. मित्रांनो, माझी धूळ पुसा, कातड्याला ऊब द्या, पण अधूनमधून मला बाहेर काढून वाजवा. आणि ती हरवलेली जोडी नव्याने बसवू नका. त्या रिकाम्या खाचेने लंगडणाऱ्या तालावरूनच मदरनी मला रेडिओवर ओळखलं होतं.