ट्रकला फळी एकच

रंगनाथ सर आणि अश्विनीबाई यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सर मुख्याध्यापक, त्यांचं गणित म्हणजे पाढे आणि घोकंपट्टी. बाई पोरांना गणितावर शंका काढायला लावायच्या. “वाचाळ करून ठेवलीत पोरं!” सर भर वर्गात सुनवायचे, आणि बाई दातओठ खात ऐकून घ्यायच्या.

जूनमध्ये पाचवीची फेरपरीक्षा लागली. सविता सहा महिने आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, म्हणून गणितात नापास. लेखी झालं, तरी दोन मार्क कमीच. आता तोंडीचं एक गणित उरलेलं; सर विचारणार, उत्तर कागदावर लिहायचं. यात गेली तर शाळा बंद आणि दिवाळीनंतर हातात कोयता, असं बाप अजिनाथनं बजावलंच होतं. तो दारातच उभा होता.

सरांनी मुद्दामच उसाचं गणित काढलं. “दोन मजूर एक ट्रक उसानं चार तासांत भरतात. आठ मजूर किती तासांत भरतील?”

सवितानं क्षणभर विचार केला. “सर, फळ्या किती?”

“कसल्या फळ्या?”

“ट्रकला लावायच्या. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनंच चढावं लागतं. फळी एकच असली तर एका टायमाला एकच मानूस चढतं. बाकीची खाली उभीच ऱ्हात्यात. मग एका तासात कसा भरंल?”

अश्विनीबाईंचा ऊर भरून आला. शाब्बास गं वाघिणी!

“बघा, बाई, तुमचं शिक्षण!” सर कडाडले. “उत्तर येत नाही आणि मलाच प्रश्न! अजिनाथ, घेऊन जा हिला.”

“सर, तिचं बरोबर आहे,” बाई ताडकन उठल्या.

“उत्तरसूचीत एक तास आहे. फळी नाही. नापास करू?” सरांनी पेनाचं टोपण काढलं.

दारात अजिनाथनं टोपी डोक्यावर चढवली. बाईंना सरांचा असा संताप आला, की वाटलं तो कागदच टराटरा फाडावा. पण त्या सविताजवळ वाकल्या.

“एक लिही, सविता.”

“पर बाई, तुमीच तर...”

“लिही म्हणते ना!”

सवितानं एक लिहिला. पोरगी पास झाली. सर गालात हसले, अजिनाथनं बाईंचे पाय धरले, आणि बाईंना तिथं उभं राहवेना.

सहावीच्या पहिल्याच तासाला बाईंनी नवीन गणित घातलं. “सविता, तुला काय वाटतं?”

सविता वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “उत्तर सांगा, बाई. लिहिते.”