‘कधीच नाही’चा रकाना

भिंगरीचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त कागदांना ठाऊक. रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून घरात भिंगरी, शाळेत भिंगरी आणि सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या फ्रेमच्या दुकानातही भिंगरीच. लोक फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं घेऊन यायचे. नवरा पुढे काउंटर सांभाळायचा आणि ती मागच्या खोलीत विजेच्या करवतीवर लाकडी पट्ट्या कापायची. हात असा बसलेला, की चार पट्ट्या जुळवल्यावर कोपऱ्यात नख घालायलाही जागा सापडू नये.

हात चोख होता, लक्ष मात्र मनात येईल तेव्हा यायचं आणि न सांगता निघून जायचं. वर्षभरात करवतीनं तिला दोनदा धरलं. पहिल्यांदा बोटाच्या टोकावर निभावलं. दुसऱ्यांदा अंगठ्याला सात टाके पडले, का तर पातं फिरत असताना बाईंना एकदम आठवलं की दुकानाच्या किल्ल्या फ्रीजमध्ये राहिल्यात. (त्या खरंच तिथे होत्या, अंड्यांच्या कप्प्यात.) नवऱ्यानं त्या दिवशी करवतीचा प्लग काढला, वायर गुंडाळून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

“लक्ष असं का उडतं ते डॉक्टर सांगेपर्यंत हिला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा मी जमिनीवर बोटं शोधत बसणार नाही.”

मग भिंगरी काउंटरवर आणि नवरा बाहेरून पट्ट्या कापून आणण्याच्या मागे. तीन आठवड्यांत एका दातांच्या डॉक्टरांकडे नवीन लग्न झालेल्या जोडप्याचा फोटो गेला आणि जोडप्याकडे दातांच्या डॉक्टरांची पदवी. त्या भल्या माणसांनी ती दोन दिवस दिवाणखान्यात टांगूनही ठेवली. भिंगरी पोट धरून हसली आणि मग मागच्या खोलीत जाऊन मुकाट रडली. तिला तिची करवत परत हवी होती, बाकी काही नको होतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मान हलवत ऐकून घेणाऱ्या. दोन भेटींत त्यांनी प्रश्न विचारले, कोडी सोडवून घेतली आणि म्हणाल्या, “मला एडीएचडीची दाट शंका आहे. लक्ष एका जागी टिकत नाही, मन उड्या मारतं. मुलींच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि हा नुसत्या विसरभोळेपणाचा प्रश्न नाही. अशा लोकांना अपघात, जखमा जास्त होतात. औषध चालू असताना ते प्रमाण कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण औषधानं नाडी आणि रक्तदाब थोडा वाढू शकतो, म्हणून आधी हृदयाची तपासणी. आणि त्याच्याही आधी हा फॉर्म.”

हा त्रास लहानपणापासून असावा लागतो, मोठेपणी अचानक उपटत नाही. म्हणून भिंगरीला बाराव्या वर्षाच्या आत जवळून पाहिलेल्या माणसानं तो फॉर्म भरायचा होता. असं माणूस जगात एकच उरलं होतं, तिची आई.

आईनं अडतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत काढली होती. एक रकाना चुकला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही फॉर्म परत करणारी बाई! फॉर्मवर खोटं लिहिणं तिच्या हातून मेल्यावरही झालं नसतं. शिवाय लेकीच्या वेंधळेपणाच्या कहाण्या ती येईल त्या पाहुण्याला ऐकवायची. भिंगरी निर्धास्त होती.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पाकीट उघडलं आणि चष्मा वर-खाली केला. वस्तू हरवते का? कधीच नाही. अभ्यास अर्धवट टाकते का? कधीच नाही. जागेवरून उठते का? कधीच नाही. अठरा प्रश्न, अठरा सुबक खुणा, एकाच रकान्यात.

“यावरून तर तुम्हाला काहीच झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “नुसत्या माझ्या शंकेवर मी औषध सुरू करू शकत नाही.”

भिंगरी तणतणत आईकडे गेली. “आई, परक्या माणसासमोर लेकीची लाज राखायला निघालीस? माझी करवत कपाटात पडलीय!”

“मी खोटं लिहीत नाही,” आई म्हणाली.

“खोटं नाही? अगं, गेल्या रविवारी मावशीला काय सांगत होतीस?”

“ते आताचं. फॉर्मवर लहानपणीचं विचारलंय. जे होतं ते लिहिलं. वाटल्यास चल, तुझ्या डॉक्टरसमोर सांगते.”

आणि ती खरंच निघाली, चष्म्याची पेटी, पाण्याची बाटली आणि स्वतःचं पेन घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ठेवला. “काकू, शाळेत असताना हिच्या पेन्सिली, रबर, डबा काही हरवायचं नाही?”

“कधीच नाही.”

“एकदाही?”

“कशी हरवेल? पेन्सिलीला दोरा बांधून तो मी दप्तराला शिवून टाकायचे. रबरालाही. डब्याला तर चांगली सुतळी होती.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थबकलं. “बरं. अभ्यास अर्धवट राहायचा?”

“नाही. मी समोर बसायचे ना. एक ओळ झाली की बोट पुढच्या ओळीवर ठेवायचे. संपेपर्यंत बोट काढायचं नाही.”

“रोज?”

“रविवारी नाही,” आई प्रामाणिकपणे म्हणाली.

“आणि जागेवरून उठायची नाही?”

आई जराशी चाचरली. “टॉवेलनं खुर्चीला बांधायचे. सैलसर हं. ती हसायची, तिला तो खेळ वाटायचा.”

भिंगरीला तो निळा टॉवेल आठवला आणि हसू फुटलं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा फॉर्म काढला.

“काकू, तुम्ही खरं तेच लिहिलंत. पण हा फॉर्म हिच्यासाठी होता आणि तुम्ही दोघींचा मिळून भरलात. आता पुन्हा भरा. समजा, दोरा नाही, टॉवेल नाही, बोट नाही. तुम्ही तिथे नाहीच. मग काय झालं असतं?”

आईनं पेनाचं टोपण काढलं. पहिला प्रश्न: नेहमी. दुसरा: नेहमी. तिसरा, चौथा, सगळे नेहमी. खिडकीत शिक्के मारायची त्याच वेगानं तिचा हात चालला होता, आणि एका ओळीवर थांबला. वाहनांकडे न बघता रस्त्यावर धावते का?

“मी हिचं मनगट धरायचे,” आई हळूच म्हणाली. “आठवीपर्यंत. मैत्रिणी हसायच्या हिला. ही हाताला हिसडे द्यायची, तेव्हा एकदोनदा मी मारलंही. रस्त्यात, सगळ्यांसमोर.” तिनं पेन खाली ठेवलं. “मला वाटायचं, मुद्दाम करते. हिला त्रास होत होता आणि मी मारत होते.”

 भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणभर तिला वाटत आलं होतं की आईचा आपल्यावर भरवसा नाही. आईला रोज किती भीती वाटत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“तेव्हा हे कुणालाच कळत नव्हतं, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ते असू दे. मी नसते तर या प्रश्नाचं उत्तर काय, ते मला लिहायचं नाहीये.”

“नको लिहूस,” भिंगरी म्हणाली आणि तिनं आईचं मनगट धरलं. “मी आहे ना इथे. अख्खी आहे, एका अंगठ्याला टाके सोडले तर.”

आईनं नाक पुसलं, पेन उचललं आणि खूण केली. रकाना रिकामा सोडणं तिला जमणार नव्हतं.

पुढचं सगळं सरळ झालं. हृदयाचा आलेख निघाला, औषध अगदी थोड्या मात्रेनं सुरू झालं, दर आठवड्याला रक्तदाब मोजला गेला. पहिले काही दिवस भिंगरीची भूक मेली, मग परतली. जादू काही झाली नाही, किल्ल्या अजून हरवत होत्या, पण हातातलं काम संपेपर्यंत डोकं तिथेच राहायला लागलं. आठव्या आठवड्यात नवऱ्यानं पात्यावर नवं जाळीदार झाकण बसवलं, कपाटाचं कुलूप काढलं आणि वायर तिच्या हातात दिली.

त्या दिवशी आई मुद्दाम आली. मागच्या खोलीत स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. करवत सुरू झाली तशी नवऱ्यानं मान फिरवली, पण आईनं डोळ्यांची पापणी हलवली नाही. चार पट्ट्या कापून झाल्या. भिंगरीनं मशीन बंद केलं, पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मगच हात पुढे केला. चौकट जुळवून तिनं आईपुढे धरली. आईनं चारही कोपऱ्यांवरून नख फिरवलं. ते कुठेही अडलं नाही.

“छान आहे,” आई म्हणाली आणि चपला घालून रस्त्यावर उतरली.

भिंगरी बघतच राहिली. गॅस, छत्री, गोळी, किल्ल्या, यातलं काहीतरी बजावल्याशिवाय आई या दारातून आजवर कधी बाहेर पडली नव्हती. ती मागे धावली. “आई! काही सांगायचं राहिलं का?”

आईनं वळून पाहिलं, जरा विचार केला.

“नाही गं,” ती म्हणाली. “काही नाही.”

आणि पर्स खांद्याला अडकवून, दोन्ही हात मोकळे सोडून ती घराकडे चालू लागली.