महिन्याला दीड मिलिमीटर

ज्या वर्षी पनवेलजवळच्या ओवे गावातल्या शिवा घरतच्या मुलीचं, निशाचं लग्न झालं, त्या २०२३ सालातली ही गोष्ट. लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि जानेवारीत शिवाच्या गालाचा रिपोर्ट आला. आयुष्यभर जिथं तंबाखूची गोळी ठेवली, तिथला चट्टा कॅन्सरचा निघाला. पनवेलच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, गाल जाईल, थोडा जबडाही जाईल.

शिवा घरी येऊन म्हणाला, "हलदीला दोन हजार मानूस येनार. त्यांच्यापुढं अर्ध्या तोंडानं उभा राहू?"

"उरलेल्या अर्ध्यानं जेवशील तरी," हौसा म्हणाली.

हौसा त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. ती धवलारीण होती. लग्नातले धवले गायला तिला उरणपर्यंतची माणसं न्यायला यायची आणि ती आल्याशिवाय अक्षता पडत नसत. त्यामुळे तिला वाटायचं की आपल्या शब्दाला या घरात वजन आहे.

घरात निर्णय कोणालाच घ्यायचा नव्हता, म्हणून होणाऱ्या जावयाला विचारायचं ठरलं. जावई प्रणित मुंबईत गणितात पीएचडी करत होता. वाढणाऱ्या पेशी कशा पसरत जातात याचं गणित मांडायचं, हा त्याचा विषय. शिवाला वाटलं, देवानंच धाडला. हौसाला वाटलं, मोजपट्टी विकणाऱ्याला घर बांधायला बोलावलंय.

प्रणित रविवारी आला. त्याच्यासाठी जिताडा मासा आणला होता. जेवण होताच त्यानं लॅपटॉप उघडला आणि वर्गात शिकवावं तसं बोलू लागला. पेशी किती दिवसांत दुप्पट होतात आणि किती भटकतात, हे दोन आकडे मिळाले की त्यांच्या घोळक्याची कड किती वेगानं पुढे जाईल ते सांगता येतं. थोडा काळ गेला की कड एकाच वेगानं चालते. दातांच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात आणि जानेवारीत काढलेले गालाचे फोटो त्यानं शेजारी शेजारी ठेवले आणि मोजले.

"महिन्याला दीड मिलिमीटर," तो म्हणाला. "हाडापर्यंत बारा आहेत. लग्नापर्यंत सहा जातील. तोवर थांबता येईल."

त्याचं सगळं गणित काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींवर बेतलेलं होतं, माणसाचा गाल त्यात कधी आलाच नव्हता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण 'मला माहीत नाही' हे सासुरवाडीत बसून कुठला जावई म्हणतो? आणि जावयाला उलटा प्रश्न कुठला सासरा विचारतो? दोघं एकमेकांचा मान राखत राहिले. हौसाला दोघांचीही कीव आली नाही.

"जावईबापू," तिनं विचारलं, "ही कड म्हंता, तिच्या पुढं काय नाय?"

"असतात आत्या, तुरळक पेशी असतात. पण एका मर्यादेखाली त्या आम्ही शून्य धरतो."

"म्हंजे हायत. तुमी मोजीत नाय."

प्रणित हसला. "गणितात असं करावं लागतं."

"करा. गाल माझ्या भावाचा हाय."

शिवा चिडला. "ताय, शिकलेल्या मानसाशी काय वाद घालतेस?"

"शिकलेला हाय म्हनूनच घालते. अडानी असता तर डाक्टरकडं जा म्हनाला असता."

मग तिनं आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. लग्नाआधी ऑपरेशन नाही, तर धवला नाही. पाचव्या दिवशी विचुंब्याच्या गुणाबाईला धवल्यांची सुपारी गेली.

गुणाबाईला निम्मे धवले येत नव्हते. जे येत नव्हते तिथं ती पहिलेच पुन्हा म्हणायची. दोन हजार माणसांतल्या एकालाही ते कळलं नाही. हळदीला डीजे पहाटेपर्यंत वाजला आणि शिवा गालाला रुमाल लावून सगळ्यांना जेवायचा आग्रह करत फिरला. स्वतः मात्र त्यानं पेज घेतली, तीही नळीनं. हौसा मागच्या पडवीत बसून होती. या माणसांना मरण चालतं, फोटो बिघडलेला चालत नाही, असं तिच्या मनात आलं आणि त्या माणसांत आपलाच भाऊ पहिला आहे, हेही आलं.

लग्नानंतर आठव्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाल पाहिलाच नाही. त्यांनी मान चाचपली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मानेत दोन्ही बाजूंना गाठी झाल्या होत्या, स्कॅनमध्ये छातीतही डाग दिसले. आता कापण्यात अर्थ नाही, म्हणाले.

प्रणित बाहेरच्या बाकावर हौसाशेजारी बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता, तरी तो म्हणाला, "आत्या, स्कॅनवर मोजलं, गालातली कड साडेसहाच सरकली. मी सहा सांगितले होते."

"मग आत जाऊन डाक्टरला सांगा. गनित बरोबर आलंय म्हनावं, आता कापा."

तो उठला नाही.

शिवा घरत ८ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी ओव्याच्या राहत्या घरी वारला. त्याचं वय अठ्ठावन्न होतं.