बाडातला तोतया

बाड परत आले आणि त्यावर एकही रेघ नव्हती.

कवीने ते प्रथम नुसते चाळले. मग खिडकीपाशी नेऊन एकेक पान उजेडात तिरपे धरून पाहिले, कारण वकिलाची पेन्सिल अलीकडे फिकट उमटू लागली होती. शेवटी भिंग काढले. ज्याने उमेदीची सारी वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली, त्याच्या नजरेतून निवृत्तीनंतरही पेन्सिलीची रेघ निसटणे संभवत नव्हते. तरी त्याने स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन पाहिला, कारण दुसरा कोणताही संशय त्याहून जड गेला असता. पानांचे कोपरे कोरे होते. सगळेच्या सगळे.

एखादा कवी यावर हरखून गेला असता. हा का हरखला नाही, हे कळण्यासाठी तिघा मित्रांची रीत सांगणे भाग आहे.

तिघे म्हणजे हा कवी, त्याचा वकील मित्र, आणि शाळेत भूगोल शिकवणारा तिसरा, ज्याला दोघे नुसते ‘भूगोल’ म्हणत. तरुणपणी तिघे एका गावात होते. पुढे नोकरी-व्यवसायाने त्यांना तीन दिशांना नेऊन टाकले आणि मैत्रीचा सगळा कारभार टपालाच्या हवाली झाला. एकाने घेतलेले पुस्तक वाचून दुसऱ्याकडे जाई, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. भूगोल पानाच्या कडेला लेखकाशी भांडण मांडून ठेवी, वकील त्या भांडणात लेखकाची बाजू घेऊन उत्तर देई, आणि पुस्तक कवीपर्यंत येई तेव्हा मूळ मजकूर हा केवळ निमित्तापुरता उरलेला असे. जे पुस्तक पुढे पाठवण्याच्या लायकीचे वाटत नसे, ते ज्याच्या हाती असेल त्याने आपल्या कपाटात ठेवायचे. तिघांच्या बोलण्यात ‘कपाटात गेलं’ याहून कठोर निकाल नव्हता.

कवीचा संग्रह छापायला जाण्यापूर्वी त्याचे हस्तलिखितही असेच फिरे. जी कविता गाळावीशी वाटेल, तिच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची आडवी रेघ ओढायची. कारण द्यायचे नाही. कारण दिले की कवी वाद घालतो, वादात जिंकतो आणि वाईट कविता वाचवतो, हे वकिलाने पहिल्याच संग्रहाच्या वेळी ओळखले होते. दोघांपैकी एकाचीही रेघ पडली की कविता बाद. यावर भूगोलाने आणखी एक कलम चढवले होते. कवीने प्रत्येक बाडात जाणूनबुजून लिहिलेली एक वाईट कविता मिसळायची. चालीरीतीने इतरांसारखी, पण आतून पोकळ. तिला ते ‘तोतया’ म्हणत. तोतया ज्याच्या हातून सुटेल तो झोपेत वाचत होता असे धरायचे आणि त्याचा सगळा निकालच रद्द समजायचा. आजवर तोतया कधी कोणाच्या हातून सुटला नव्हता.

या वेळी सुटला होता. भूगोल गेल्या हिवाळ्यात वारला, त्यामुळे बाड एकट्या वकिलाकडे गेले होते. आणि एकट्या वकिलाने ते जसेच्या तसे परत केले होते. त्या दोघांनी जागेपणी न वाचलेली एकही ओळ कवीने आजवर छापू दिली नव्हती. आता दोघांतला एक उरला होता, आणि तोही वाचतो की नाही, हे कळल्यावाचून हे बाड पुढे जाणार नव्हते.

प्रकाशकाचा फोन त्याच दुपारी आला. हा प्रकाशक म्हणजे जुन्या प्रकाशकाचा मुलगा. धंद्याबरोबर हा कवीही त्याला वारशात मिळाला होता.

“काका, बाड आलं का?”

“आलं.”

“मग द्या पाठवून. वकीलकाकांनी किती उडवल्या?”

“एकही नाही.”

“अरे वा. म्हणजे माझं काम सोपं झालं.”

“झोपेत वाचलंय त्याने.”

“काका, तुम्हाला नावं ठेवली तरी पंचाईत आणि नाही ठेवली तरी पंचाईत. कव्हरचं चित्र तयार आहे. अडवून ठेवू नका एवढंच सांगतो.”

कवीने वकिलाला कार्ड टाकले: तोतया सुटला, वाचलेस का? उलटटपाली उत्तर आले: वाचले, दोनदा, ये. वकील पत्रात कधी इतका काटकसरी नव्हता. कवीने बाड पिशवीत घातले, दुधवाल्याला चिठ्ठी लिहून ठेवली आणि सकाळची बस धरली.

वाटेत त्याने आपली फिर्याद पक्की केली. एक तर वकिलाची दृष्टी गेली असावी. नाही तर बुद्धी. आणि दोन्ही शाबूत असतील तर भूगोल गेल्यामुळे वकिलाला कवीची दया आली असावी. पहिल्या दोहोंचे त्याला वाईट वाटले असते. तिसरे मात्र त्याने कधीही माफ केले नसते. शेजारच्या बाईने खिडकी लावू का म्हणून विचारले, तेव्हा तो “पुरावा काय?” असे म्हणाला, आणि मग खजील होऊन त्याने खिडकी स्वतःच लावली.

दार सुनेने उघडले. “या काका. बाबा सकाळपासून दार सताड उघडं टाकून बसले होते. मी म्हटलं, काका काही उडत येणार नाहीत, धूळ मात्र येतेय.”

वकील आतल्या खोलीत, गुडघ्यांवर शाल टाकून आरामखुर्चीत बसला होता. दोघांची भेट भूगोलाच्या अंत्यविधीनंतर झाली नव्हती, आणि त्या दिवशी तरी ते काय बोलले होते? बसच्या वेळा.

“डोळे तपासून घेतलेस?” कवीने बसण्याआधीच विचारले.

“घेतले. तुझ्यापेक्षा बरे आहेत. समोरचं कॅलेंडर वाचून दाखवू?”

“मागच्या बाडातला तोतया कोणता होता?”

“नदीचा. शेवटच्या कडव्यात मुद्दाम हुंदका घातला होतास.”

“त्याच्या आधीचा?”

“आईवरचा. आईला तोतया केलंस म्हणून भूगोल तुझ्यावर रुसून बसला होता. माझी उलटतपासणी संपली असेल तर चहा घे.”

“म्हणजे दया केलीस.”

“तुझ्यावर? लेका, उभ्या जन्मात केली नाही, ती आता म्हातारपणी कशाला सुरू करू?”

सुनेने चहा आणून ठेवला आणि दोघांच्या तोंडांकडे पाहून ती परत गेली.

“मग तोतया सुटला कसा?”

“शोधला मी. तो असणार हे मला माहीतच होतं. एकदा वाचून सापडला नाही, म्हणून परत पहिल्यापासून वाचलं.” वकिलाने कपातला चहा बशीत ओतला आणि तो तसाच राहू दिला. “नाही सापडला. कोणता होता?”

“आरशाचा.”

“आरशाचा? तो बरा वाटला होता मला.”

कवी हसला नाही. आयुष्यात बहुधा प्रथमच त्याला वादाला तोंड कोठून फोडावे ते सुचेना. वकिलाने बाड मागून घेतले, मांडीवर ठेवले. पण उघडले नाही.

“हे बघ, कविता वाईट असत्या तर सोपं होतं. रेघा ओढून मोकळा झालो असतो. यात रेघ ओढायला जागाच नाही. भूगोलाला जे खटकायचं ते एकाही पानावर नाही, मला जे खटकायचं तेही नाही. वाचताना सारखं वाटत होतं की मी पेन्सिल घेऊन इथून आधीच जाऊन आलोय. तू आमच्या रेघा पाठ केल्यास, बाबा. इतक्या, की तुला आता वाईट लिहिताही येत नाही. तोतयासुद्धा कसा नीटनेटका झालाय.”

“हे कारण झालं. कारण द्यायचं नाही, असा नियम आहे.”

“नियम तिघांचा होता.”

“नियम नियम असतो. रेघ नाही म्हणजे कविता पास.”

“पास. माझी हरकतच नाही. छाप. लोक चांगलंच म्हणतील.”

“आणि तू?”

वकिलाने चष्मा काढून शालीच्या टोकाला पुसला. कोर्टात अशिलाचा पराभव सांगण्यापूर्वी तो असेच करी, हे कवीला ठाऊक होते. “मी कपाटात ठेवीन,” तो म्हणाला.

हा घाव इतका सरळ होता की कवीला तो प्रथम जाणवलाच नाही. मग जाणवला. त्याने उठून खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती आणि प्रत्येक कपडा नाकाशी धरून वाळला की नाही ते पाहत होती.

“एक सांगू?” वकील मागून म्हणाला. “भूगोल गेला त्या वर्षाचं हे बाड. त्यात भूगोल कुठेच नाही.”

“रडक्या कवितेवर तो काय करायचा, माहीत आहे ना तुला? कागद फाटेल इतक्या जोरात रेघ मारायचा.”

“मारायचा. आता कोण मारणार आहे?”

“मला दिसते ती. लिहायला बसलो की पहिल्याच ओळीखाली दिसते. दोनदा बसलो, दोनदा कागद फाडला.”

“मग ते फाडलेले कागद पाठवायचे होतेस. हे कशाला पाठवलंस?”

उरलेला दिवस दोघांनी दुसऱ्याच गोष्टींवर घालवला: गुडघे, औषधे, वकिलाच्या जुन्या कारकुनाच्या मुलाचे परदेशी लग्न. भूगोलाच्या पुस्तकांचे काय झाले, असे कवीने एकदा विचारले. त्याच्या मुलीने ती सगळी एका वाचनालयाला दिली, आणि वाचनालयाने कडेला लिहिलेली पुस्तके चालत नाहीत म्हणून निम्मी परत केली, असे वकिलाने सांगितले. दोघेही यावर हसले. हसणे थांबल्यावर मात्र एकमेकांकडे पाहवेना, म्हणून वकिलाने सुनेला हाक मारून उगाच पाणी मागितले.

सकाळी निघताना सून फाटकापर्यंत आली. “काका, बाबांना हल्ली कोणी पुस्तकं पाठवत नाही. तुम्ही तरी पाठवत जा.”

“त्याला आवडत नाहीत.”

“नावं ठेवायला तरी पाठवा. नाही तर दिवसभर माझ्या स्वयंपाकाला ठेवतात.”

घरी पोचल्यावर त्याने कपडेही न बदलता प्रकाशकाला फोन लावला आणि पुस्तक होत नाही असे सांगितले.

“काका, एकही उडवली नाही, म्हणजे पास झालं ना?”

“नियमाने झालं.”

“मग अडलं कुठे?”

कवीने कारण शोधून पाहिले. जे सापडले ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते. “ते चित्र दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाला लाव,” तो म्हणाला. “चांगलं चित्र वाया जाऊ नये.”

प्रकाशक जरा घुटमळला. वडील असते तर त्यांनी समजूत घातली असती, असे काहीतरी तो म्हणाला, आणि तब्येतीची चौकशी करून त्याने फोन ठेवला. कवीला त्याचा राग आला नाही. त्या मुलाने या पुस्तकासाठी खरोखरच धडपड केली होती. त्याला फक्त हे ठाऊक नव्हते, की काही माणसे पुस्तक जगासाठी छापत नाहीत. दोघांसाठी छापतात, आणि जगाला त्याच्या प्रती मिळतात एवढेच.

त्यानंतरचे दिवस त्याला चमत्कारिक गेले. पूर्वी एक बाड संपले की दुसरे सुरू होई, आणि मध्ये पुस्तकांची ये-जा असे. टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकून तो जिना उतरे. आता टपालवाला आला तरी शेजाऱ्यांकडे वळून निघून जाई. तरीही तो जिना उतरे, पेटी उघडून पाही, आणि कोणी विचारले तर पाय मोकळे करतो आहे असे सांगे. विचारीत मात्र कोणी नसे. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचे यंत्र खडखडत राही. ते जेवणाच्या वेळी थांबले की खोलीत एवढी शांतता पसरे, की त्याला स्वतःच्या चष्म्याची काडी कानामागे सरकलेली ऐकू येई.

अशाच एका दुपारी तो टेबलाशी बसला आणि त्याने लिहिले: भूगोल मेला. ओळीखाली रेघ दिसली, अपेक्षेप्रमाणे, कागद फाटेल इतकी जोरकस. त्याने दुसरी ओळ लिहिली. ती पहिलीहून वाईट होती. तिच्यात हुंदका होता, आणि तो मुद्दाम घातलेला नव्हता. तिसऱ्या ओळीत त्याने मित्राच्या खोकल्याचे वर्णन केले, ते लांबले, उपमा फसली. पुढे वाचनालयाने परत केलेली पुस्तके आली, त्यांच्या कडा आल्या, आणि कोठे थांबावे हे त्याला समजेना. मुद्रितशोधकाचा हात खोडायला शिवशिवत होता. त्याने तो मांडीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने कागद पालटला.

संध्याकाळी त्याने वकिलाला कार्ड लिहिले. लिहितो आहे. वाईट होते आहे. पाठवणार नाही.

‘पाठवणार नाही’ या शब्दांपाशी तो बराच वेळ अडला. इतक्या वर्षांच्या पत्रांत ते त्याने कधी लिहिले नव्हते, आणि लिहिताना जणू एक दार हलकेच लोटून घेतल्यासारखे वाटले. आतून की बाहेरून, हे त्याला सांगता आले नसते. वकील ते वाचील, सुनेला काही सांगणार नाही, आणि खुर्चीत बसून राहील. कदाचित त्यालाही दुखेल. पण या कविता वकिलाने वाचल्या तर तो त्यांतल्या एखाद्या ओळीवर गप्प होईल, आणि ते गप्प होणे कवीला कळेल, आणि पुढची ओळ त्या गप्प होण्यासाठी लिहिली जाईल. म्हणून ते शब्द त्याने तसेच राहू दिले.

कार्ड कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून तो परत आला. शिंपी दुकान बंद करीत होता. त्याने विचारले, “काय काका, आज पत्र कोणाला?”

“मित्राला. पत्र कसलं, कळवलं नुसतं.”

जिना चढून त्याने दिवा लावला. टेबलावर दुपारचा कागद पालथा पडला होता. तो वाचून पाहण्याची इच्छा त्याने आवरली, नवा कोरा कागद पुढे ओढला आणि भूगोलाच्या खोकल्यापासून पुन्हा लिहायला घेतले.